लडाखच्या हेमिस नॅशनल पार्कला हिवाळ्यात गेलं तर हिमबिबट्या खरंच दिसतो का, की पैसे वाया जातात?

दिसतो. पण हमखास दाखवतो म्हणणारा टूरवाला खोटं बोलतोय, त्याच्याकडे बुकिंग करू नका.

'पैसे वाया' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या दाजींनी परत आल्यापासून हेच लावून धरलंय, एवढ्या थंडीत एवढा खर्च करून नुसते दगड बघितले, त्यापेक्षा ताडोबा बरं. आम्ही फेब्रुवारीत पार्कातल्या रुंबक गावात होमस्टेमध्ये होतो. सकाळी नाल्यातून वर जाताना आमचा स्पॉटर, म्हणजे प्राणी शोधून देणारा वाटाड्या, पुढे झुकलेल्या एका खडकापाशी थांबला, नाक लावून वास घेतला, म्हणाला रात्रीच येऊन गेलाय. मीही वाकलो. खडकाच्या पोटाला काळपट डाग, उग्र वास, चिकटलेले पांढुरके केस, आणि खाली मागच्या पायांनी उकरलेली माती. दाजी तेव्हा मागे मोबाईलला रेंज शोधत होते. दुपारी समोरच्या घसाऱ्यावरचे भरल, म्हणजे तिथल्या रानमेंढ्या, चरायचे थांबले, सगळे एकाच दिशेला बघायला लागले, आणि स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीत, तो दिसला, ती जाडजूड शेपूट मागे सोडून धारेवरून आरामात चालत गेला आणि पलीकडे उतरला, दाजींचा नंबर यायच्या आत. फोटो नाही, म्हणून दाजींच्या लेखी तो दिसलाच नाही!

अहो, 4,400 चौरस किलोमीटरचं पार्क आहे, आणि इथे जिप्सीत बसून फिरायचं नसतं. हिवाळ्यात भरल खाली उतरतात, त्यांच्या मागे हा उतरतो, शिवाय त्याच्या मिलनाचा काळही तोच, म्हणून जानेवारी ते मार्च जायचं. 2024 साली जाहीर झालेल्या गणनेत देशात 718 हिमबिबटे, त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. गोठ्यात शिरला की एका रात्रीत मेंढ्यांचा फडशा पाडतो, त्या रागात पूर्वी गावकरी त्याला मारायचे. आता गोठ्यांवर जाळ्या आल्या, होमस्टेचे पैसे घरात यायला लागले, आणि तेच गावकरी त्याला राखतात. आम्हाला थुक्पा वाढणाऱ्या आमा-लेंच्या, म्हणजे होमस्टेच्या आईंच्या, हातात जे पैसे गेले ते वाया कसे?

आणि हो, लेहच 3,500 मीटरवर आहे, विमानातून उतरल्यावर निदान दोन दिवस नुसता आराम. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ग्रुपमध्ये कोणी फोटोसाठीच येत असेल तर त्याला ताडोबाचं तिकीट काढून द्या, स्कोपसमोरची रांग तरी कमी होईल.