दोन मिलिमीटरची हमी कोणी दिली?

प्रश्न: मी ४१ वर्षांचा आहे. पत्नी, दोन लहान मुलं आणि आई असं घर. गेली १४ वर्षं उभ्या इमारतींची मोजणी करून त्यांचे नकाशे आणि संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल तयार करतो. आधी टेप आणि हातातलं लेझर मीटर होतं, गेली दोन वर्षं भाड्याचा लेझर स्कॅनर (किरण चहूकडे फिरवून लाखो बिंदूंची अंतरं मोजणारं यंत्र) आणतो, महिन्याला साधारण चार दिवस. आता स्वतःचा घ्यावा असं वाटतं. विक्रेता म्हणतो, तीन वर्षांत पैसे वसूल, पाच वर्षांनी अर्ध्या किमतीला विकला जाईल. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलच्या आगीनंतर अशा कामांना जगभर मागणी आहेच. कर्जाला तारण म्हणून घर देईन. ते आईच्या नावावर आहे, तिची तयारी आहे. कर्जासोबत एक पॉलिसी घ्यावी लागेल म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एक घेतलेली आहेच, त्यामुळे संरक्षणाची काळजी नाही. मागच्या वर्षी एका कामात काचेमुळे माप चुकलं, पाच महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे खिशातून भरले, पण ग्राहक टिकला. हल्ली करारात दोन मिलिमीटर अचूकता लिहून मागतात. यंत्राची तेवढी असतेच, म्हणून मी सही करतो. येत्या सोमवारी एका जुन्या रुग्णालयाच्या कामावर सही आहे. तर स्कॅनर नवा घेऊ की वापरलेला?

उत्तर: रकमा छापू नका असं तुम्ही कळवलंत, म्हणून तुमचा एका महिन्याचा घरखर्च १०० धरून सगळा हिशोब मांडते.

नवाही नको आणि वापरलेलाही नको, निदान आत्ता तरी. यंत्र, संगणक, तिपाई, टार्गेट (स्कॅन जुळवण्यासाठी जागेवर लावायच्या खुणा) मिळून ३,६००, म्हणजे तीन वर्षांचा घरखर्च. पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता ७८ च्या आसपास. दर वर्षीचं कॅलिब्रेशन (यंत्राची मापं तपासून नीट करणं), सर्व्हिस आणि यंत्राचा विमा धरून महिन्याला आणखी २२. झाले १००. भाडं दिवसाला १५, चार दिवसांचे ६०. म्हणजे यंत्र महिन्यातून सात दिवस बाहेर पडलं तर कुठे बरोबरी होते.

आणि सात दिवस ते घेऊन जाणार कोण? तुमच्याच नोंदवहीप्रमाणे जागेवरच्या एका दिवसामागे टेबलावर साडेतीन दिवस जातात. वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले स्कॅन एकमेकांना जुळवायचे, माणसं, गाड्या, फिरता पंखा असले नको ते बिंदू पुसायचे, मग भिंत, खांब, जिना रेखाटायचा. सात दिवस जागेवर, साडेचोवीस टेबलावर, बेरीज साडेएकतीस. सगळे रविवार धरूनही महिना पुरत नाही. विक्रेत्याने तुम्हाला दिलेल्या तक्त्यात महिन्याला १२ दिवस धरलेत. त्यासाठी एकट्या माणसाला ५४ दिवसांचा महिना लागेल. ‘तीन वर्षांत वसूल’ हे वाक्य या एका आकड्यावर उभं आहे, आणि तुम्ही तो एकदाही तपासला नाहीत. तुमचं काम यंत्रावाचून अडलेलं नाही, टेबलावर अडलंय. तिथे दुसरे हात हवेत.

अर्ध्या किमतीला विकला जाण्याची आशाही सोडा. लायका कंपनीचा बीएलके ३६० हा छोटा स्कॅनर २०१६ मध्ये आला तेव्हा सेकंदाला ३,६०,००० बिंदू घ्यायचा. २०२२ ची त्याची पुढची आवृत्ती ६,८०,००० घेते. सहा वर्षांत वेग जवळजवळ दुप्पट होत असेल, तर पाच वर्षांपूर्वीच्या यंत्राचा भाव तुमच्या विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर ठरणार नाही. मी हिशोबात शेवटची किंमत शून्य धरते. काही आलं तर वरची कमाई.

नोत्र दामबद्दल एवढंच सांगते. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने २०१० मध्ये ते कॅथीड्रल पन्नासहून अधिक ठिकाणी यंत्र लावून स्कॅन केलं, अब्जाहून अधिक बिंदू गोळा केले. ते वारले नोव्हेंबर २०१८ मध्ये, आग लागली १५ एप्रिल २०१९ ला. त्यांनी ते काम अभ्यासासाठी केलं होतं, त्याचं मोल जगाला नंतर कळलं. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. पण त्यातून तुमच्याकडे महिन्याला किती दिवसांचं काम येईल याचा कुठलाच आकडा निघत नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जाणार आहे.

इथे तुमचा प्रश्न संपला. आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य स्कॅनरबद्दलचं नाहीच. ‘यंत्राची तेवढी असतेच, म्हणून मी सही करतो’, हे ते वाक्य आहे.

पत्र मिळाल्यावर मी तुमच्याकडून काचेच्या त्या कामाचं स्क्रीनवरचं चित्र मागवलं होतं. राखाडी बिंदूंची लॉबी, आणि तिच्या काचेपलीकडे, जिथे प्रत्यक्षात मोकळी जागा आहे तिथे, हुबेहूब दुसरी लॉबी. तेच खांब, आरशातल्यासारखे उलटे. मध्ये तुमच्या स्कॅनरची तिपाईसुद्धा उभी. किरण काचेवरून परतून खऱ्या खांबाला लागला आणि यंत्राने ते सगळं अंतर सरळ रेषेत मोजून खांब काचेपलीकडे नेऊन ठेवला. त्यातला एक खांब खरा समजून तुम्ही रेखाटलात, त्यावरून रेलिंग कारखान्यात कापून आलं, आणि ते बसेना. ५०० गेले. यंत्र त्या दिवशी बिघडलेलं नव्हतं. त्याने अंतर अचूकच मोजलं होतं, फक्त ते कशाचं हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळायला हवं होतं, आणि टेपच्या एका मापात कळलं असतं.

माहितीपत्रकातले दोन मिलिमीटर हे ठरावीक अंतरावरच्या, बऱ्या पृष्ठभागावरच्या मापाचे असतात. तुम्ही ग्राहकाला देता ते मॉडेल. मध्ये किती पायऱ्या आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. लांब कॉरिडॉरमध्ये एकापुढे एक तीस स्कॅन जोडत गेलात की प्रत्येक जोडणीतली छोटी चूक पुढच्या जोडणीच्या पाठीवर बसते. कडेवर किरण अर्धा इकडे, अर्धा तिकडे पडला की हवेत लोंबकळणारे बिंदू येतात. काळा चकचकीत दगड, पॉलिश केलेलं स्टील, ओली फरशी यांवरून नीट माप येत नाही. आणि शेवटी जुनी भिंत. ती मध्ये फुगलेली असते, वर झुकलेली असते, आणि तुम्ही मॉडेलमध्ये तिच्या जागी एक सरळ भिंत ठेवता. तिथेच १५ मिलिमीटर गेले, कुणाचीही चूक नसताना. फॉल्स सीलिंगच्या वर आणि कपाटांच्या मागे तर यंत्राने पाहिलेलंच नसतं.

तुमच्या धंद्यात यासाठी मापदंड आहे. अमेरिकेतल्या यूएसआयबीडी या संस्थेने अचूकतेचे एलओए (लेव्हल ऑफ ॲक्युरसी) १० ते एलओए ५० असे पाच स्तर ठरवलेत, आणि मोजलेल्याची अचूकता वेगळी, रेखाटलेल्याची वेगळी, असे दोन रकाने ठेवलेत. एलओए ३० म्हणजे ५ ते १५ मिलिमीटर, एलओए ४० म्हणजे १ ते ५. तुम्ही सही करता ते ‘दोन मिलिमीटर’ एलओए ४० मध्ये बसतात, तेही कोणता रकाना हे न सांगता. म्हणजे ग्राहक ते रेखाटनाला लावणार.

याचा पैशात अर्थ काय? तुमचा व्यवसाय तुमच्या एकट्याच्या नावाने आहे. धंद्याची देणी आणि घरची देणी यांत भिंत नाही. मागची चूक एका रेलिंगची होती. रुग्णालयात कारखान्यात तयार केलेल्या डक्ट, पाइप, स्टीलच्या चौकटी तुमच्या मॉडेलवरून येतील. त्यातला एक मजला पुन्हा करायचा झाला तर आकडा ५०० वर थांबणार नाही, २,५०० ही होईल. तुमच्याकडे बाजूला ठेवलेले आहेत ३००. आणि त्याच वेळी ७८ चा हप्ता चालू, आईचं घर तारण. चूक तुमच्या कामात होईल आणि छप्पर तिचं जाईल. तिची तयारी आहे हे मला मान्य, पण तिला यातलं काय सांगितलंत? तिची तयारी तुमच्यावरच्या विश्वासापोटी आहे. कराराचा कागद तिने वाचलेला नाही. घर या व्यवहारात आणू नका. हे मी सुचवत नाही, बजावते.

आता ज्या पॉलिसीमुळे तुम्हाला काळजी नाही ती पाहू. वर्षाला १४४ हप्ता, १५ वर्षं, शेवटी ३,००० मिळणार. परतावा जेमतेम चार टक्के. मधेच तुम्हाला काही झालं तर घरच्यांना १,४४०, म्हणजे सव्वा वर्षही घर चालणार नाही. तुमच्या मुलांची वयं पाहता १५,००० च्या खाली मी बोलणारच नाही. आणि माप चुकलं, ग्राहकाने नुकसानभरपाई मागितली, तर ही पॉलिसी एक पैसा देत नाही. तिचा त्याच्याशी संबंधच नाही. एजंटने तुम्हाला ‘सगळं कव्हर आहे’ असं सांगितलं आणि तुम्ही दोन वर्षं त्या भरवशावर करारांवर सह्या केल्यात. असं सांगून विकणाऱ्यांची मला मनापासून चीड येते, कारण अशी पॉलिसी नसती तर तुम्ही निदान घाबरून चौकशी तरी केली असती. कर्जासोबतची दुसरी पॉलिसी याच जातीची आहे. ती सक्तीची आहे का, हे लेखी विचारा. एवढ्याने बहुधा विषय संपेल.

तुम्हाला हवेत ते दोन वेगळे विमे. एक साधा टर्म इन्शुरन्स, १५,००० चा. तब्येत ठणठणीत असेल तर आताच्या १४४ च्या निम्म्यात बसावा. तो हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी बंद करू नका. नंतर ती सोडायची की हप्ते थांबवून पेड-अप करायची (म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवायची), ते दोन्ही आकडे कंपनीकडून मागवून मला पाठवा.

दुसरा, व्यावसायिक दायित्वाचा विमा, ज्याला प्रोफेशनल इंडेम्निटी म्हणतात. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या. हा विमा सहसा दावा येतो त्या दिवशी चालू असावा लागतो, काम केलं त्या दिवशी असून भागत नाही. म्हणून मागची कामं धरायची तर पॉलिसीत मागची तारीख लिहून घ्या आणि मध्ये खंड पडू देऊ नका. दुसरी अधिक महत्त्वाची. या पॉलिसी तुमच्या हातून झालेल्या निष्काळजीपणासाठी असतात. तुम्ही आपणहून दिलेली ठाम हमी बहुतेक वेळा वगळलेली असते. म्हणजे हप्ता भरूनही, करारात ‘दोन मिलिमीटर’ तसंच राहिलं तर कंपनी त्या वाक्यावर बोट ठेवून दावा नाकारू शकते. म्हणून क्रम असा: आधी करारातलं वाक्य, मग विमा. यंत्र खूप नंतर.

भाड्याचा तुम्हाला आलेला वैताग मला समजतो, पण तो अर्धा तुमच्याच कोटेशनमुळे आहे. भाडं तुम्ही मजुरीत दडवता, मग ते खिशातून गेल्यासारखं वाटतं. स्कॅनिंगचे दिवस स्वतंत्र ओळीत लावा. काचेचा आणि आरशांचा भाग टेपने तपासण्याचा वेळही लावा. वाचलेल्या पैशातून आधी ३०० चे ६०० करा, मग टेबलावर मॉडेलिंगला एक माणूस ठेवा. त्यानंतर सलग नऊ महिने भाड्याचे दिवस आठच्या वर राहिले तर यंत्राचा विषय पुन्हा काढू. तेव्हाही वापरलेलं आधी पाहू: कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र कधीचं, सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या नावावर होतो का, आणि माहीत असलेल्या अंतरावर तुमच्यासमोर घेतलेलं माप काय येतं. तारण फक्त यंत्राचं.

आता सोमवार. रुग्णालयाच्या करारातलं अचूकतेचं वाक्य काढून साधारण असा मजकूर द्या, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा (यातला पॉइंट क्लाउड म्हणजे स्कॅनमधून आलेले सगळे बिंदू, आणि नियंत्रण बिंदू म्हणजे आधी वेगळ्याने अचूक मोजून ठेवलेल्या खुणा): ‘पॉइंट क्लाउडची अचूकता नियंत्रण बिंदूंच्या तुलनेत तपासून, तपासणीच्या तक्त्यासह दिली जाईल. मॉडेलमधील रेखाटन एलओए ३० प्रमाणे, ५ ते १५ मिलिमीटरच्या मर्यादेत असेल. भिंती सरळ धरून रेखाटल्या आहेत. फॉल्स सीलिंगच्या वरचा, बंद कपाटांमागचा व भिंतींच्या आतला भाग मोजलेला नाही. मापे स्कॅनच्या तारखेची आहेत. कारखान्यात काहीही कापण्यापूर्वी ठेकेदाराने जागेवर माप घ्यावे. एकूण दायित्व या कामाच्या शुल्कापुरते मर्यादित राहील.’

ग्राहक शेवटच्या वाक्यावर घासाघीस करील. दुप्पट शुल्कापर्यंत गेलात तरी हरकत नाही. दोन मिलिमीटरवरच अडून बसला तर सही न करता परत या आणि मला फोन करा.