८५ इंची टीव्ही वळणाच्या जिन्यातून तळघरात कसा उतरवायचा?

तुमचा प्रश्न असा, की ८५ इंची टीव्ही तळघरातल्या होम थिएटरमध्ये न्यायचाय, जिन्याला मध्येच काटकोनात वळण आहे, तर तो खोक्यासकट न्यावा की बाहेर काढून, आणि दोघं पुरतील का. माझं उत्तर: बाहेर काढून, आणि तिघं. हे शहाणपण मला एक ७५ इंची टीव्ही घालवून आलंय.

त्या दिवशी काही पडलं नाही, आपटलं नाही. मी खाली, मेहुणा वर. वळणावर मी माझा कोपरा उचलला आणि त्याला ते कळायला एक पायरी उशीर झाला. तेवढ्यात टीव्हीला पीळ बसला. आवाजसुद्धा आला नाही. काचेवर हात फिरवला तर गुळगुळीत. खाली नेऊन लावला, तर एका कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा डाग आणि त्यातून वर गेलेली हिरवी रेघ. आम्ही बापडे सगळा वेळ वजनाचीच काळजी करत होतो! वजन दोघांना झेपतं हो; ८५ इंची साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो भरतो. घात करतो तो पीळ. म्हणून तिसरा माणूस हवा. त्याने हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि बोलायचं: "थांब", "वरचा कोपरा खाली", "आता वळ". बाकीच्या दोघांनी आपलं डोकं चालवायचं नाही. ताकदवान माणूस खालच्या बाजूला, कारण उतरताना भार त्याच्याकडे जातो.

आता खोक्याचं. ८५ इंच म्हणजे कर्ण. प्रत्यक्ष टीव्ही अंदाजे १८८ सेंमी रुंद आणि १०६ सेंमी उंच. खोका त्याहून बराच मोठा, धरा २१० सेंमी लांब आणि २२ सेंमी जाड. जिना वळणाच्या दोन्ही बाजूंना सारखाच रुंद असेल तर सोपा हिशेब आहे: रुंदीला २.८३ ने गुणा आणि त्यातून वस्तूची जाडी दोनदा वजा करा. जी लांबी उरेल तेवढीच वस्तू उभी धरून वळते. जिना ८० सेंमीचा असेल तर खोक्यासाठी उरतात १८२ सेंमी, म्हणजे खोका अडकणार. नुसता टीव्ही, चादरीसकट १० सेंमी जाड धरला, तर उरतात २०६. तो जातो. जिना ९० सेंमीचा असेल तर खोकाही कागदावर जेमतेम बसतो, पण कठड्याची मूठ आणि तुमच्या बोटांची जाडी त्या हिशेबात नाही.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जिन्याच्या उताराला समांतर तिरका धरलेला टीव्ही आडव्या मापात लांब होतो. साधारण चढाच्या जिन्यावर १८८ चे २१४ होतात, कारण वरचा एक कोपरा आणि खालचा एक कोपरा दोन्हीकडे बाहेर येतात. म्हणून लँडिंगवर आधी पूर्ण सपाट पातळीवर आणा, मगच वळा. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा कापून एकदा वरखाली फिरवा. मी दुसऱ्या वेळी तेच केलं. घरचे हसले, हसू देत.

बाहेर काढायचा तो वरच, आणि वरच लावून बघायचा. बहुतेक मोठ्या खोक्यांच्या खालच्या कडेला प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. त्या काढल्या की वरचं झाकण उचलून निघतं आणि टीव्ही तळाच्या थर्माकोलमध्ये उभाच राहतो. तसाच प्लग लावा. डाग इथेच दिसला तर दोष कारखान्याचा किंवा वाहतुकीचा, तुमचा नाही, आणि भांडायला तुम्ही मोकळे. मग पडद्यावर त्याचीच फोमची पिशवी, वर चादर, आणि पडद्याची बाजू साध्या भिंतीकडे. कठड्याकडे अजिबात नको. काचेवर तळवा ठेवायचा नाही. आडवा झोपवायचा नाही, क्षणभरसुद्धा.

खाली गेल्यावर भिंतीची घाई नको. मातीला लागून असलेली भिंत असेल तर आदल्या दिवशी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने तिच्यावर चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. तिथे भोकं पाडू नका, आतली एखादी भिंत निवडा किंवा सरळ मजबूत स्टँड घ्या. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवाच दमट आहे, मग डीह्युमिडिफायर आधी आणि टीव्ही नंतर.