टाचदुखी आणि एक्स-रेमधलं 'वाढलेलं हाड'

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या काही पावलांना टाचेत जीवघेणी कळ, थोडं चाललं की बरं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. त्यात एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसतंय म्हणून ऑपरेशनचा सल्ला. तुमचं हे वाचून राहवलं नाही, कारण मी नेमकी यातूनच गेले आहे. मी डॉक्टर नाही, अनुभवाचं आणि नंतर वाचून समजलेलं सांगते.

विश्रांती, बर्फ, मऊ तळव्याची चप्पल हे तुम्ही करतच असाल, त्यावर बोलत नाही. मुद्दा त्या हाडाचा आहे. मी ज्या दवाखान्यात जात होते तिथे पहिल्याच दिवशी फिल्म दिव्यासमोर धरून 'हे टोक टोचतंय' असं सांगितलं गेलं. पुढे सगळे उपचार त्या टोकाभोवतीच फिरले. पोटरी किती आखडली आहे हे कुणी हात लावून पाहिलं नाही, एकही व्यायाम दाखवला नाही. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही असं टोक असतं, हे तिथे एकदा जरी सांगितलं असतं तरी माझे कितीतरी महिने वाचले असते. याचा मला आजही राग येतो.

दुखतो तो बहुतेक वेळा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा तळव्यातला जाड पट्टा. रात्रभर तो आखडलेला असतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पाय जमिनीवर टेकवण्याआधीच पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताणही हवाच.

माझ्या मते खरा फरक पडतो तो ताकदीच्या व्यायामाने. पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी नुसत्या ताणापेक्षा याचा फायदा जास्त दिसला. वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे घाईचा उपाय कुठलाच नाही. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात ऑपरेशनशिवाय आटोक्यात येतं, तेव्हा निदान तोवर तरी ऑपरेशनला हो म्हणू नका.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. काही आठवडे आराम पडतो हे खरं, पण वारंवार घेतल्यास तो पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो.

आणखी एक, घरात कडक फरशीवर अनवाणी फिरू नका. हे फार लोक विसरतात.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की रात्री तळव्याला मुंग्या येतात. ते या दुखण्यात सहसा बसत नाही. नस दाबली गेल्यावर किंवा मधुमेहात तसं होऊ शकतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगा आणि साखर तपासून घ्या.