वॉकआउट केला म्हणून शाळा मुलीला सस्पेंड करू शकते का?

तुमची मुलगी कॅलिफोर्नियात सरकारी हायस्कूलला आहे. शुक्रवारी मुलं तास सोडून बाहेर पडणार आहेत, ती दंडाला काळी फीतही बांधणार आहे, आणि शाळा तिला सस्पेंड करेल का, हा तुमचा प्रश्न. फीत आणि तास बुडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र धरल्या की घोळ होतो.

फितीला हात लावणं शाळेला जड जाईल. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातल्या डे मॉइनमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ फीत बांधून आलेल्या मुलांना शाळेने घरी पाठवलं होतं. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शिकवण्यात मोठा अडथळा येईल असं मानायला ठोस कारण हवं. 'कुणाला तरी राग येईल' एवढं पुरत नाही. राज्याच्या शिक्षण संहितेतलं ४८९०७ कलम तर बिल्ले आणि तशी इतर चिन्हं घालण्याचा उल्लेखच करतं. फितीवर अचकट-विचकट काही लिहिलेलं मात्र नको, तिथे कोर्टं शाळेची बाजू घेतात.

तास बुडवणं हा हक्क नाही. गैरहजेरी लागेल. पण नुसत्या गैरहजेरीसाठी सस्पेंड करायला कॅलिफोर्नियात आता बंदी आहे, आणि इतर दांडीबहाद्दरांना होते त्याहून कडक शिक्षा केवळ निषेध केला म्हणून देता येत नाही. शाळेची नियमपुस्तिका काढून ती शिक्षा आधीच वाचून ठेवा.

त्याहून सोपी वाट अशी: २०२३ पासून मिडल आणि हायस्कूलच्या मुलांना वर्षातून एक दिवस नागरी किंवा राजकीय कार्यक्रमासाठी माफीची रजा मिळते. अट एकच, आधी कळवायचं. गुरुवारीच अटेंडन्स ऑफिसला दोन ओळींची ईमेल करा, कारण खरं लिहा. 'ताप आहे' लिहिलंत तर पुढे तुमचीच पंचाईत. रजा मंजूर असली की बुडलेली टेस्ट नंतर देता येते, माझ्या मते खरा फायदा हाच.

सस्पेंड होतात ती मुलं बहुतेक वेगळ्याच कारणाने: फायर अलार्म ओढणं, दार अडवणं, ढकलाढकली. तशी वेळ आलीच तर आरोप काय ते सांगणं आणि मुलीचं म्हणणं ऐकणं शाळेला १९७५ च्या निकालाने बंधनकारक आहे. कारण लेखी मागा.

मोर्चा गेटबाहेर रस्त्यावर गेला की गाठ पोलिसांशी. घरात ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला असेल, तर तिला मैदानातच थांबायला सांगा.