मामांची फर्माईश

प्रश्न : दादा, मी भांडुपचा डीजे. दोन टॉप, दोन बेस असे स्पीकर घेऊन लग्नं-हळदी वाजवतो. गेल्या महिन्यात मुलुंडला एका हॉलमध्ये साखरपुडा होता. जोडप्याच्या एन्ट्रीला दहा मिनिटं असताना नवऱ्या मुलाचे मामा आले, एक जुनं गाणं लावच म्हणाले. गाणं विरहाचं! गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांच्याच मोबाइलवरून लावलं. मुलीची आई रडायला लागली, वडिलांनी माझे दोन हजार कापले. आता वरळी कोळीवाड्यात हळद आहे आणि नवऱ्याचे मित्र आत्तापासूनच डबल मीनिंग गाण्यांची यादी पाठवतायत. काय करू?

उत्तर : मामांना शिव्या घालू नकोस. ऐनवेळी येणाऱ्या माणसाला बहुतेकदा गाणं नको असतं, आपला शब्द चालतो हे चारचौघांत दिसायला हवं असतं. म्हणून ‘नाही’ म्हणायचंच नाही, ‘कधी’ ते आपण ठरवायचं. ‘मामा, एन्ट्रीचं गाणं मुलीकडच्यांनी दिलंय. तुमचं जेवणाच्या वेळी लावतो, माइकवर तुमचं नाव घेऊन.’ मठ्ठा पिताना विरह कुणाला टोचत नाही. अगदीच हटून बसले, तर सुरुवातीचं म्युझिक लूप कर आणि शब्द सुरू व्हायच्या आत जोडप्याला स्टेजवर पोचव. गिरगावात कॅसेटच्या काळात मी यासाठी पेन्सिलीने रीळ मागे फिरवत बसायचो, तुला तर बटण आहे.

आणि पाहुण्याचा मोबाइल जोडलास की आधी फ्लाइट मोड. माझ्या एका कार्यक्रमात भर एन्ट्रीत मावशींच्या फोनवर गॅसवाल्याचा कॉल आला होता, रिंगटोन हॉलभर. गाणं डाउनलोड नसेल तर सरळ ‘नंतर’ सांग. नेटवर लावलंस की मध्येच जाहिरात येते.

वरळीचं सोपं आहे. ती यादी जशीच्या तशी नवऱ्याच्या आईला पाठव, खाली एवढंच लिही : ‘यातलं काय लावू?’ पुढचं त्या बघतील. हळदीत चावट गाणी नसतात असं नाही हं, म्हाताऱ्या बायकाच ती जास्त रंगून म्हणतात. पण त्यांची थट्टा नवरानवरीची असते. या यादीतली गाणी समोर नाचणाऱ्या पोरींच्या अंगावर जातात, आणि तिथून भांडण सुरू होतं.

सोबत बेंजोवाल्यांचा ताफा असेल तर जरा जपून. कोळीगीतांचा ठेका बहुतेक सहा मात्रांचा, तुझी फिल्मी गाणी चारची. दोन गाण्यांचा वेग जुळवणाऱ्या सिंक बटणावर विसंबून एकातून दुसऱ्यात घुसलास तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. चालू गाणं इको, म्हणजे घुमता आवाज, देऊन तोड, दोन सेकंद शांतता, मग नवीन गाणं.

मंडप उघडा असेल, तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ला स्पीकर बंद. ‘पोलिसांशी आम्ही बोलतो’ असं कुणीतरी काका म्हणतीलच. बोलतील ते, जप्त होईल तुझी मशीन. साडेनऊलाच माइकवर सांग की शेवटची तीन गाणी उरली. फर्माइशी आपोआप आवरत्या होतात.

ते दोन हजार आता मागू नकोस, गेले. वरळीचे निम्मे आज घे, उरलेले हळदीच्या दिवशी, बेस टेम्पोतून उतरवायच्या आधी.