आधी बसायचं बघ, झाडं-कारंजी नंतर

लोकांना बसता-बोलता येईल अशा सार्वजनिक जागेचं पहिलंच प्रोजेक्ट आहे ना तुझं, मग ड्रॉइंग काढायच्या आधी आठवडाभर त्या जागेवर नुसता जाऊन बस, सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला, आणि लोक कुठून आत येतात, कुठे रेंगाळतात, सावली कुठे सरकते ते वहीत लिही. विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं असंच तासन्‌तास शूटिंग केलं आणि निघालं काय, तर लोक तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते! हसू येतं, पण निम्म्या डिझाइनमध्ये हेच विसरलेलं असतं.

बाक एका सरळ रांगेत लावू नकोस, काटकोनात लाव. शेजारी बसलेल्याशी बोलायला मान वळवावी लागत नाही आणि बोलायचं नसेल तर नजरही चुकवता येते, हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे बरं का. हलवता येणाऱ्या खुर्च्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. खेळायच्या जागेला लागूनच मोठ्यांची बसायची सोय कर, मुलं खेळतात तेवढ्यात पालकांच्या ओळखी आपोआप होतात.

मी सुरुवातीला सगळं मधोमध मांडायचो आणि मधली जागा रिकामीच राहायची, माणसाला पाठीशी काहीतरी लागतं, म्हणून कडा आधी सजव.

आणि बाजूच्या रस्त्याचं ट्रॅफिक बघच. शहररचनाकार डोनाल्ड अ‍ॅपलयार्डच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासात कमी वाहनांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर राहणारे सरासरी ३ मित्र होते, वर्दळीच्या रस्त्यावर ०.९. तिथे नुसता बाक ठेवून काय होणार?