जुना स्टिरिओ रिसीव्हर घेताना

प्रश्न : १९७०च्या दशकातला, दुरुस्त केलेला जपानी स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र) मला मिळतो आहे. तो घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर घ्यावा, मात्र नेमके काय बदलले, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण चकचकीत दर्शनी भागाला भुलणारे पुष्कळ असतात आणि खरा प्रश्न आतल्या, वयपरत्वे सुकणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या सुट्या भागांचा असतो. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर बहुधा साफसफाईने जाते. आवाज शून्यावर असतानाही स्पीकरमधून येणारी घरघर मात्र दुर्लक्षू नये. यंत्र खास जपानी बाजारासाठी बनवलेले असेल, तर ते १०० व्होल्टचे असते, म्हणून आपल्या घरातील विजेचा दाब तेवढा उतरवणारा, पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय त्याचा एफएम पट्टा साधारण ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असल्याने आपली बहुतेक केंद्रे त्यावर लागणारच नाहीत.